हा डाग भागूबाईचा नव्हे

दिवाळीची सुट्टी संपली आणि आम्ही साऱ्याजणी स्टाफरूममध्ये पुन्हा भेटलो, तेव्हा कोण कुठे जाऊन आली याची चौकशी सुरू झाली. कुणी महाबळेश्वर करून आल्या होत्या, कुणी माहेरी. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, मुळशीला गेले होते, गोचिड्या आणायला. त्यावर आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगितलं असतं तर आमच्या कुत्र्याच्याच दिल्या असत्या."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि आमच्या कॉलेजात गोचिडीची एकच काचपट्टी आहे. तिचे आठांपैकी तीन पाय तुटलेले आहेत, आणि परीक्षेत मुली इमानदारीने पाचच पाय काढतात. माझा थोरला भाऊ मुळशीतल्या पौडला डॉक्टर आहे. त्याच्याकडे भाऊबीज करायची, आंबेमोहोराचा भात जेवायचा आणि जाताजाता डोंगरावरच्या गुराढोरांच्या ताज्या गोचिड्या बाटल्यांत भरून आणायच्या, एवढाच माझा बेत होता. घडलं ते भलतंच. जे पाहून आले त्याने मी अजून भारावलेली आहे, आणि त्या बाजूला कधी न गेलेल्यांना ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पौडच्या वाटेवर

प्रवासाची सुरुवातच फजितीने झाली. पिशवीत स्पिरिटच्या चार बाटल्या होत्या आणि पुण्याबाहेर पडल्यावर दुसऱ्याच खड्ड्यात त्यातली एक पाझरू लागली. दारूबंदीच्या या दिवसांत, भरलेल्या एस. टी.त, नऊवारी-पाचवारीच्या घोळक्यात एका चष्मेवाल्या बाईच्या पिशवीतून असा वास सुटावा, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले गृहस्थ दोनदा वळून पाहून झाल्यावर म्हणाले, "बाई, पिशवीत काय हाय?"

"गोचिड्यांसाठी स्पिरिट आहे," मी म्हणाले.

"गोचिड्यास्नी पाजता व्हय?"

अख्खी गाडी हसली. कंडक्टरने मात्र बाटली काढायला लावली, तिच्यावरची कॉलेजची चिठ्ठी वाचली, झाकण नाकाशी नेऊन पटकन लांब केलं आणि मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली. ती माझ्या सोयीसाठी की बाकीच्यांच्या, हे मी विचारलं नाही.

पौड तालुक्याचं गाव असलं तरी एका दमात चालून होतं. कचेरीच्या आवारात कागद घेऊन बसलेली माणसं, एस. टी.चा थांबा, चार दुकानं, आणि मागे कुठेही पाहिलं तरी डोंगर. दादाचा स्वतःचा छोटा दवाखाना आहे. पुढे औषधांची खोली, मागे दोन खाटा आणि त्यामागे त्याचं बिऱ्हाड. मी पोचले तेव्हा वहिनीने नुकताच भात वाफेला ठेवला होता आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत आला होता. पुण्यात वाणी आंबेमोहोर म्हणून जे देतो त्याला आम्ही उगाच भुलतो, हे पहिल्या घासालाच कळलं. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, गोचिड्यांना थोडी जागा ठेवा."

जेवताना दादाने सांगितलं, "सकाळी वरच्या धनगरवाड्यावरचा कोंडिबा येऊन गेला. बायकोला सहा दिवस ताप आहे आणि अंगावर पुरळ उठलंय. आधी कुणी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी काही झालं नाही. हा औषधासाठी आला नव्हता बरं का, कडुलिंबाचा डहाळा न्यायला आला होता. मी त्याला गाठलं. गोवर असणार, पण वाढलेल्या माणसाला गोवर जड जातो, आणि घरात आठ महिन्यांची पोर आहे. उद्या जातोय मी. चलतेस का, मालू? शेळ्या, गाई, कुत्री, तुला हवं ते सगळं तिथं आहे."

डहाळा कशाला ते मला ठाऊक होतं. अंगावर पुरळ आलं की देवी आली म्हणायचं, दाराला कडुलिंब बांधायचा, रोग्याला आंघोळ घालायची नाही, औषध पाजायचं नाही. पण इतक्या पावसाच्या डोंगरात कडुलिंब होत नाही, म्हणून तो खाली येऊन न्यावा लागतो, हे मात्र मला नवीन होतं. कोंडिबा त्या डहाळ्यासाठी जाऊन-येऊन एक दिवस चालला होता.

धरणापलीकडे

सकाळच्या गाडीने आम्ही धरणाच्या काठाला उतरलो. कोंडिबा अलीकडच्या काठावर आमची वाट पाहत उभाच होता. तिशीच्या आतला, उंच, अंगाने शेलाटा माणूस. त्याने दादाची बॅग खांद्यावर घेतली.

पाण्याबद्दल काय लिहू? मी खडकवासल्याचं पाणी पाहिलं आहे, पण ते पाहताना आपल्याला शहर जवळ असल्याचं विसरता येत नाही. इथे तिन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरले होते, त्यांच्या अंगावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि त्या सगळ्याचं प्रतिबिंब इतकं स्थिर होतं की होडीत पाय टाकायचा मला संकोच वाटला. माझ्यासारख्या बडबड्या बाईला अर्धा तास एक शब्द सुचला नाही. मध्यावर आल्यावर म्हाताऱ्या नावाड्याने वल्हं थांबवून खाली बोट दाखवलं. "आमची चूल हितं हाय," तो म्हणाला. धरणात गाव बुडून तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली असतील, पण तो 'होती' म्हणाला नाही. मी खाली वाकून पाहिलं. हिरवंकाळं पाणी होतं, दुसरं काही दिसलं नाही.

पलीकडे चढ लागला. गवत कमरेएवढं, आणि कुसळं पातळातून आत जाऊन टोचत होती. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला तो दादाने बँडेजच्या पट्टीने बांधून दिला. मी मात्र खुशीत होते. गोचिड्या पकडायची एक सोपी युक्ती आहे. पांढरा पंचा गवतावरून ओढत न्यायचा, त्याला त्या चिकटतात. मी पंचा ओढत चालले होते तेवढ्यात कोंडिबा मागे वळून म्हणाला, "बाई, तुमचं धडपं खाली लोळतंय."

"मुद्दाम लोळवतेय," मी म्हटलं आणि पंचा उलटून दाखवला. त्यावर तिळाएवढे सात-आठ ठिपके हळूहळू चालत होते.

त्याने नीट पाहिलं. "ही बारकी लई वंगाळ. ढोराची मोठी दिसती तरी. ही मानसाला चिकाटती आन् कळत बी न्हाई," तो म्हणाला आणि भराभर पुढे गेला. त्याच्या चालण्यातली घाई सबंध चढावर कमी झाली नाही. थोडं पुढे जायचा, थांबायचा, आम्ही दिसलो की पुन्हा निघायचा. त्या घरात काय वाट पाहत आहे याचा विचार मी तोवर केलाच नव्हता, याची मला तेव्हा लाज वाटली.

धनगरवाडा

चार घरं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, आणि निम्म्या घरात माणसं तर निम्म्यात वासरं-करडं. पहिल्या घराच्या दाराला तो कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. दारात कोंडिबाची आई उभी होती. भागूबाई तिचं नाव. साठीची असेल, सरळ ताठ, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहणारी. तिने आधी आम्हाला गवती चहा घातलेलं गुळाचं काळं पाणी दिलं. आमच्याकडे दूध नसेल तर चहा देत नाहीत, पाहुण्याचा अपमान होतो म्हणून. इथे एवढ्या शेळ्या असून चहात दूध नव्हतं, कारण शेळ्यांचं दूध त्या आठ महिन्यांच्या पोरीसाठी राखून ठेवलं होतं आणि गाईचं लोण्यासाठी विरजलं होतं.

सगुणा आतल्या अंधाऱ्या बाजूला घोंगडीवर पडली होती. वीस-बावीस वर्षांची मुलगी. डोळे लाल, ओठ फुटलेले, ताप हाताला चटका देणारा. दादाने जीभ पाहिली, गालांच्या आतून पाहिलं, छाती तपासली. तोंडावर थोडं आणि हातांवर पुष्कळ पुरळ होतं. पाय तिने घोंगडीत गुंडाळून घेतले होते.

"गोवरच आहे," दादा म्हणाला.

"डाक्टर, गोवर न्हवं ह्यो," भागूबाई म्हणाली.

दादा हसला. "मावशी, देवी म्हणा हवं तर. तेच ते."

"देवी बी न्हवं. शेजारची समदी म्हनत्यात देवी, म्हनून म्या डहाळा बांधू दिला. पर गोवर कपाळावरनं खाली उतरतो. म्या लई पोरांचा काढलाय. ह्यो पायाकडनं वर चढला."

"अंधारात आधी पाय दिसले असतील, तोंड नंतर दिसलं असेल," दादा म्हणाला. त्याचा स्वर वाईट नव्हता. पण शिकलेला माणूस न शिकलेल्याशी बोलताना जसं थोडं मोठ्याने बोलतो तसं तो बोलला. भागूबाई शेळीचं दूध तापवायला उठली. दादाने ताप उतरायच्या पुड्या काढल्या, पाणी भरपूर पाजा म्हणून सांगितलं आणि बाहेर गेला.

सगुणाचं लुगडं घामाने भिजलं होतं. ते बदलायला मी हात लावला, कारण म्हातारी शेळीचं दूध तापवायला गेली होती. निऱ्या सोडताना कमरेच्या मागच्या बाजूला, जिथे लुगड्याची गाठ घट्ट बसते तिथे, मला एक काळी खपली दिसली. चिंचोक्याच्या निम्म्याएवढी, गोल, भोवती लाल कडं. मी बाहेर येऊन दादाला सांगितलं.

"डाग दिला असेल," तो म्हणाला. "इथं डाग नसलेलं माणूस मला दाखव. पोट दुखलं, डाग. ताप आला, डाग. विळा तापवायचा आणि लावायचा. या वाड्यावर तर ही भागूबाईच देते सगळ्यांना. ढोरांना तीच, माणसांना तीच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक डागावर मलम लावत होतो. आता पाहतसुद्धा नाही."

हे खरं होतं. घाम पुसायला कोंडिबाने सदरा वर केला तेव्हा त्याच्या पोटावर मी दोन डाग पाहिले, शेजारच्या म्हाताऱ्याच्या पोटरीवर तीन. मलाही ते पटलं. इथे मला कबूल करायला हवं की हिमालयाच्या पायथ्याकडे गोचिडीपासून एक ताप होतो, चावलेल्या जागी काळी खपली धरते आणि पुरळ हातापायांपासून सुरू होतं, हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. पिशवीत गोचिड्यांची बाटली होती, हात त्या खपलीला लागला होता, आणि तरी मला ते वाक्य आठवलं नाही. पुस्तकात डोंगर दुसरे होते, एवढंच त्याचं कारण.

मग मी माझ्या कामाला लागले. भागूबाई शेळीला दोन गुडघ्यांत धरून तिच्या कानामागच्या गोचिड्या काढत होती. न पाहता. बोटांनी केस दुभंगायचे, अंगठा फिरवायचा आणि ओढायचं. निघालेली गोचीड दोन नखांत चिरडून टाकायची. मी चिमट्याने एक काढेपर्यंत तिच्या सहा झाल्या होत्या. तिच्या हातातल्या चार मी मागून घेतल्या तेव्हा तिने मला नीट न्याहाळलं. "पुन्याला गोचिड्या न्हाईत व्हय?"

"आहेत. पण तुमच्यासारखं काढणारं कुणी नाही," मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली.

तिने नाचणीची भाकरी, लोणी आणि मिरचीचा ठेचा वाढला. पुण्यात आम्ही नाचणी आजाऱ्याला देतो. इथे धडधाकट माणसं ती खाऊन डोंगर चढतात आणि आजाऱ्याला तांदळाची पेज मिळते. लोणी इतकं ताजं होतं की मी भाकरी कमी आणि लोणी जास्त खाल्लं. आत सगुणा अधूनमधून काहीतरी पुटपुटत होती, पोर रडली की तिचा हात हवेत चाचपडत होता. दर वेळी भागूबाईचा घास हातातच राहायचा.

जेवण झालं, दादा बॅग घेऊन उतरायला लागला. मी मागे राहिले ती माझ्या स्वभावामुळे. मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी भागूबाईला म्हटलं, "मावशी, एक सांगू? राग मानू नका. एवढ्या तापात सुनेला डाग द्यायला नको होतात. आधीच अंगात त्राण नाही तिच्या."

भागूबाईचा चेहरा एकदम बदलला. "कुनाला डाग दिला?"

"सगुणाला. कमरेवर."

"म्या न्हाई दिला."

"अहो, मी पाहिला ना."

"म्या न्हाई दिला," ती पुन्हा म्हणाली. "तिसऱ्या दिशी बी ताप हटंना, तवा विळा तापवला व्हता. त्यो लावनार, तर पायाला पुरळ दिसलं. समदी म्हनाली देवी आली. देवी आल्यावर लोखंड लावत न्हाईत. म्हनून ठिवला." आणि ती तडक आत गेली. आंघोळ नाही, लुगडं फेडणं नाही, म्हणून त्या दिवसापासून तिने सुनेची कमर पाहिलीच नव्हती.

मी मागोमाग गेले. तिने सगुणाला कुशीवर वळवलं, दार पूर्ण उघडलं आणि उजेडात त्या खपलीवरून अंगठ्याचं टोक फिरवलं. शेळीच्या कानामागे फिरत होतं तसंच, हलकं. मग तिने आपला डावा हात माझ्यासमोर धरला. दंडावर एक जुना डाग होता. "ह्यो बगा. माझ्या विळ्याच्या पाठीचा. लांब असतो, आन् एका अंगाला निमुळता. कातडं आक्रसतं त्याचं." तिने कोंडिबाला सदरा वर करायला लावला. त्याच्या पोटावरचे दोन्ही डाग तसेच होते, लांबट आणि एका बाजूला निमुळते. बाहेर जाऊन तिने गाईच्या खांद्यावरचा दाखवला, तोही तसाच. "आता ह्यो बगा. गोल. भवतीनं लाल. मधी टोचल्यावानी खड्डा. बाई, मानूस आपल्या हातचं वळकत न्हाई व्हय? हा डाग माझा न्हवं."

चाळीस वर्षं एका डोंगरावरच्या माणसांना आणि ढोरांना डाग देत आलेली ही बाई. आम्हा शिकलेल्यांना ते सारे डाग एकसारखे दिसले होते. तिला ते स्वतःच्या हातचे म्हणून एकेक ओळखता येत होते, आणि म्हणूनच त्यांच्यात परका कोणता ते कळत होतं.

मी सगुणाच्या तोंडाशी वाकले. "सगुणा, इथं गोचीड चावली होती का गं?"

तिने बऱ्याच वेळाने डोळे उघडले. "व्हती," ती म्हणाली. "दिवाळीच्या आदी. गवत कापाया गेले तवा. ओढून काढली."

मग मात्र मला ते वाक्य आठवलं, शब्दन्‌शब्द आठवलं.

उतारावर

मी दारातून अशी हाक मारली की दादा अर्ध्या उतारावरून धापा टाकत परत आला. मी सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालू, हा रोग इकडचा नाही. पंधरा वर्षांत मी एक रोगी पाहिलेला नाही."

"पाहिला असशील," मी म्हटलं, "डाग म्हणून सोडून दिला असशील."

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. दादाने सगुणाच्या पायांवरची घोंगडी काढली आणि तळवे उजेडात धरले. तळव्यांवर पुरळ होतं, दाट. हातांच्या तळव्यांवरही होतं. तो तसाच जमिनीवर मांडी घालून बसला आणि भागूबाईला म्हणाला, "मावशी, सकाळी मी ऐकलं नाही. पुन्हा सांगा. आधी कुठं आलं?" या वेळी तो मोठ्याने बोलला नाही.

तिने सांगितलं. कोणत्या दिवशी घोट्यावर, कोणत्या दिवशी मनगटावर, पोटावर कधी, तोंडावर कधी. एकदाही अडखळली नाही. दादा एक एक दिवस वहीत लिहून घेत होता.

या तापावर चालणारं नवं औषध त्याच्याकडे होतं, क्लोरॅम्फेनिकॉलच्या गोळ्या, पण त्या पौडला दवाखान्यात होत्या. आणून देण्यात एक दिवस गेला असता, आणि तो म्हणाला की हिची नाडी पाहता एक दिवस थांबण्यासारखं नाही. सगुणालाच खाली न्यायला हवं होतं.

कोंडिबा दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आये, देवी घरात असताना शीव ओलांडू नये. समदी काय म्हनतील? उद्या तिला काय झालं तर देवीनं नेली म्हनतील, आमी बाहीर काढली म्हनून."

शेजारची दोन माणसं त्याच्या बोलण्यावर होकारार्थी मान हलवत होती. दादा बोलायला गेला, पण मी त्याला गप्प केलं. तो निर्णय आमचा नव्हता.

भागूबाई उठली. दाराला बांधलेला डहाळा तिने सोडला आणि छपरात खोचून ठेवला. "देवी आसती तर कपाळावरनं आली आसती," ती म्हणाली. "आन् आसली तर तिला म्या बोलंन. तुमी उचला."

घोंगडीची झोळी करून ती लांब बांबूला बांधली. ज्यांनी मान हलवली होती त्यांनीच पुढचा आणि मागचा खांदा दिला. मी डोंगर उतरताना प्रत्येक पावलाला घसरत होते. ती माणसं अनवाणी, कमरेएवढ्या गवतातून, बांबू जराही न हिंदकळू देता उतरत होती. एक थकला की दुसरा चालता चालता खांदा बदलून घ्यायचा, झोळी थांबायची नाही. भागूबाई पोरीला पाठीशी बांधून पुढे. पाणी दिसलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि पलीकडचे डोंगर जांभळे झाले होते. सकाळी ज्या पाण्याने मला गप्प केलं होतं त्याच्याकडे आता मी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, फक्त लवकर पार होऊ दे.

पौड

पलीकडच्या काठावर एका मालट्रकच्या ड्रायव्हरने काही न विचारता मागची जागा मोकळी करून दिली. दिवेलागणीला पहिली गोळी सगुणाच्या पोटात गेली.

दुसऱ्या दिवशी दादाने तिचं रक्त पुण्याला पाठवलं आणि ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांना टेलिफोन केला. ते म्हणाले, मुळशीत हा ताप? काहीतरीच. दादाने ऐकून घेतलं, टेलिफोन ठेवला आणि वहिनीला म्हणाला, "मी काल हेच बोललो होतो." गोळ्या त्याने चालूच ठेवल्या. कागद येईपर्यंत थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. (तो कागद मी पुण्याला परतल्यावर आला. आमचं म्हणणं खरं होतं.)

दोन दिवस सगुणा कुणाला ओळखत नव्हती. भागूबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून असायची आणि थोड्या थोड्या वेळाने तिचे तळवे उलटून पाहायची. मी तिला म्हटलं, गोचिड्या नखांत चिरडू नका, त्यातलं रक्त बोटाच्या जखमेतून आत जातं, चिमट्याने काढा आणि विस्तवात टाका. "मग इतकी वर्सं माझ्या नखात काय काय गेलं आसंल," ती म्हणाली आणि आपली बोटं पाहत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने मला हलवून उठवलं. मी धावत मागच्या खोलीत गेले. सगुणा भिंतीला टेकून बसली होती, अंग गार, कपाळावर घाम, आणि पोर तिच्या मांडीत. ती मला ओळखत नव्हती, कारण तिने मला पाहिलं होतं ते तापाच्या ग्लानीतच. तिने पदर सावरला आणि सासूला विचारलं, "ह्या कोन?"

मी तिथेच उभी राहून रडले. दादा दारात उभा होता, तो चष्मा पुसायला लागला.

आठवडा झाल्यावर ती स्वतःच्या पायांनी होडीत बसण्याइतकी सावरली. मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यांना पोचवायला काठापर्यंत गेले. सगुणा आणि कोंडिबा पुढे जाऊन होडीत बसले. भागूबाई माझ्याजवळ थांबली. काहीतरी बोलायचं असलं की ती हातांकडे पाहते हे मला आता माहीत झालं होतं.

"माझी एक लेक व्हती," ती म्हणाली. "जनी. सोळा-सतरा वर्सं झाली. तिला बी आसाच ताप. तिचा बी पायाकडनंच चढला. म्हनून म्या डाक्टरास्नी म्हनलं, ह्यो गोवर न्हवं."

मी तिच्याजवळ सरकले.

"तवा कुनी देवी म्हनलं न्हाई. म्हनून म्या डाग दिलं. सात दिलं, पाठीला, कमरेला. त्यात एक गोल व्हता का काय, आता कसं कळावं? माझ्याच डागाखाली गेला आसंल."

जे खरं होतं ते मी सांगितलं. "मावशी, तेव्हा हे औषध निघालंच नव्हतं. कुणालाही दिसलं असतं तरी काही करता आलं नसतं."

तिने ते मनापासून ऐकलं. होडीतून कोंडिबाने हाक मारली. लुगड्याचा काठ वर धरून ती पाण्यात उतरली, एक पाय होडीत टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "औशद नसंल बाई. पर म्या बगाया पायजे व्हतं."